आर्द्रेतला मुहूर्त

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुंदवाडच्या तात्या आराध्यांचा फोन वाजला, तेव्हा ते आपल्या पंचांगासाठी पुढच्या वर्षीच्या ग्रहणांचं गणित पुन्हा एकदा तपासत बसले होते.

"तात्या, बसलाय ना?" त्यांची मुलगी अनघा विचारत होती. आवाज कापत होता.

"बसलोय. काय झालं? तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. काक्षी फुटली."

काक्षी म्हणजे मृगातली ती तांबूस, ठळक चांदणी. आर्द्रा नक्षत्राचा योगतारा. तात्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काल रात्री तर पाहिली मी. चंद्राजवळच होती."

"वरून ती अजून तशीच आहे. आतून कोसळलीय. आम्हाला पहाटे कळलं."

अनघाची प्रयोगशाळा सह्याद्रीत, एका डोंगराच्या पोटात होती. तिथं नितळ पाण्याचं एक प्रचंड टाकं होतं, आणि त्याच्या भिंतींना हजारो विद्युतनेत्र बसवलेले होते. काळोखात डोळे लावून ते न्यूट्रिनोची वाट पाहत असत. न्यूट्रिनो हा विश्वातला सगळ्यात अलिप्त कण. डोंगरातून, पृथ्वीतून, माणसांच्या अंगातून तो वाऱ्यासारखा आरपार जातो आणि कुठंही अडकत नाही. कोट्यवधी कोटींतला एखादाच पाण्याच्या कणाला धडकतो, आणि तेव्हा टाक्यात एक निळसर लुकलुक उमटते. एरवी दिवसभरात अशा मोजक्याच लुकलुकी दिसायच्या. त्या पहाटे काही सेकंदांत अख्खं टाकं निळं झालं होतं.

"ताऱ्याच्या पोटातलं इंधन संपलं की त्याचा गाभा क्षणात कोसळतो," अनघा सांगत होती. "तेव्हा हे कण तडक बाहेर पडतात. उजेडाला मात्र ताऱ्याच्या थरांतून वाट काढत यावं लागतं. त्याला काही तास लागतात, कदाचित दीड दिवस. म्हणजे घरात आग लागलीय हे आपल्याला कळलंय, पण दारातून धूर अजून यायचाय."

"आणि तो तारा काक्षीच कशावरून?"

"तोच प्रश्न आहे. कण बाकीच्या देशांतल्या यंत्रांनाही दिसले. पण दिशा आमच्या टाक्यावरून काढलीय, आणि ती मी काढलीय. दुपारी मी ते जगाला सांगणार आहे. उद्या रात्रीपर्यंत काक्षी एक तर भडकेल, नाही तर विझेल. कधीकधी तारा उजेड न करताच कृष्णविवरात गडप होतो, तेही शक्य आहे. पण परवाही ती होती तशीच दिसली, तर मी चुकले."

"म्हणजे तुझाही विश्वासच की," तात्या म्हणाले. "न दिसणाऱ्या कणांवर."

हा वाद त्यांचा जुना. गच्चीवर बसवून पोरीला आकाश दाखवणारे तात्याच, आणि पोरीनं मोठी झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तोही त्यांनाच. ग्रहण मिनिटभर चुकलं तर तुम्ही गणित पुन्हा करता, मग वर्षफल चुकलं तर काय करता? तेव्हापासून जेवताना, फोनवर, दिवाळीच्या फराळासमोर तो वाद चालूच होता. तात्यांच्या पंचांगाचे दोन भाग होते, गणित आणि फल. गणित आता कुणाच्याही फोनवर फुकट मिळायचं. लोक तात्यांकडे यायचे ते फलासाठी.

"विश्वास आहे, पण अट घालून," अनघा म्हणाली. "मी कधी खोटी ठरेन ते मी आधीच सांगतेय. तुमच्या फलात अशी अट कुठं असते, सांगा?"

"श्रद्धेला अट घालत नाहीत, अनघा. घातली की तिचा सौदा होतो."

"मान्य. मग तिच्यावरून लोकांनी आपले निर्णय तरी घेऊ नयेत."

तात्या म्हणाले, "चुकलीस तर काय होईल तुझं?"

"हसतील. कदाचित हे काम काढून घेतील." ती म्हणाली. "पण बघा हं संध्याकाळी. मी फोन करीन."

दुपारी बातमी सगळीकडे झाली. नदीकाठच्या पारावर, उसाच्या फडात, चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं पृथ्वी जळणार. शास्त्रज्ञ पुन्हापुन्हा सांगत होते, की तारा आपल्यापासून इतका लांब आहे की तिथला उजेड इथं पोचायला सहाशेच्या वर वर्षं लागतात, त्यामुळं कसलाही धोका नाही. तात्या ते ऐकत होते आणि त्यांना एक विचार सोडत नव्हता. ती फुटली ती आज नव्हेच. ती फुटली तेव्हा आपल्या घराण्यात कोण होतं, त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही.

तेवढ्यात फोन आला तो मालूताई चौगुल्यांचा. चौगुल्यांच्या घरातलं बारसं, लग्न, पाया खोदणं, काहीही तात्यांना विचारल्याशिवाय झालं नव्हतं.

"तात्या, सूनबाईला, सायलीला, दवाखान्यात आणलंय. कालपासनं कळा येत्यात. आता डॉक्टरीण म्हणती, पोट फाडूया." मालूताई भराभर बोलत होत्या. "आज चंद्र आर्द्रात हाय न्हवं? आन् तिचाच तारा फुटतोय म्हणं. असल्या वक्ताला पोर जन्माला कसं घालायचं वो? म्या म्हणलं, चंद्र पुढं सरंपतोर थांबा. सही करून दिली न्हाई अजून."

"तुमचा धैर्यशील कुठं आहे?"

"हितंच हाय. आई म्हणंल तसं, म्हणतोय."

मागं कुणीतरी फोन मागितला. "तात्या, मी डॉक्टर मुजावर बोलतेय. बाळाचे ठोके घसरताहेत. मला थांबायला वेळ नाही. तुम्ही सांगाल तर या ऐकतील. कृपा करा."

तात्यांच्या समोर पंचांग उघडंच होतं. चंद्र आर्द्रेत होता आणि मध्यरात्रीपर्यंत तिथंच राहणार होता. वर राहुकाळ चालू होता. त्यांच्या शास्त्राप्रमाणं याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. आजवर त्यांनी शेकडो मुहूर्त दिले होते, आणि प्रत्येक मुहूर्त त्यांना स्वतःला खरा वाटला होता.

"मालूताईंना द्या फोन," ते म्हणाले. मग आवाज शक्य तेवढा स्थिर ठेवून बोलले, "मालूताई, आत्ताचा मुहूर्त अमृतासारखा आहे. असा योग पुन्हा यायचा नाही. एक क्षणही दवडू नका."

"खरं न्हवं, तात्या?"

"मी सांगतोय ना!"

फोन ठेवून ते देवापाशी गेले, हात जोडले, पण काय म्हणावं ते सुचेना.

तासाभरात निरोप आला. मुलगी झाली. नाळेचा वेढा होता, पण वाचली. आई सुखरूप.

दिवस मावळला तशी गावातली माणसं गच्च्यांवर चढली. तात्यांच्या गच्चीवरही आळीतली दहा-पंधरा मंडळी जमली. पूर्वेला उसाच्या शेंड्यांवरून चंद्र वर आला, आणि त्याच्या शेजारी, नेहमीच्याच जागी, नेहमीसारखीच तांबूस काक्षी.

"हीच न्हवं ती?" कुणीतरी विचारलं. "काय बी झालं न्हाई की हिला."

अनघाचा फोन चालू होता. पलीकडून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. तिच्याभोवतीही माणसं होती, आणि तीही गप्प होती. चंद्र वर सरकत गेला. बायका स्वैपाकाच्या आठवणीनं खाली उतरू लागल्या. एकदोघं हसली. तात्यांना ते हसणं जिव्हारी लागलं. पोर चुकू नये, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण देवाकडे काही मागत नाही आहोत. नुसते बघतो आहोत. डोळे न मिटता बघतो आहोत.

"तात्या," अनघा हळूच म्हणाली, "तुम्हाला तिचा रंग कसा दिसतोय?"

तांबडा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. तांबूसपणा उतरत होता. निखाऱ्यावरची राख फुंकावी तशी काक्षी आधी पिवळी झाली, मग पांढरी. व्याधाएवढी झाली. व्याधाला मागं टाकून गेली. मग निळसर झाक आली आणि ती इतकी तेजाळली, की शेजारच्या चंद्रावरून माणसांच्या नजरा तिच्याकडे ओढल्या गेल्या. जिन्यात पोचलेल्या बायका धावत परत वर आल्या. गावभर एक आवाज उठला. ती किंकाळी नव्हती, जयघोष नव्हता. हजार माणसांनी एकदम श्वास आत घेतला तर होईल तसा आवाज.

तात्या भिंतीला टेकले. सहाशे वर्षं वाट चालून आलेला उजेड त्यांच्या डोळ्यांत शिरत होता, आणि तो येणार हे त्यांच्या मुलीनं सकाळीच सांगितलं होतं. त्यांना हुंदका फुटला.

"बरोबर आलं गं," ते म्हणाले. "तुझं गणित बरोबर आलं."

पलीकडे अनघाही रडत होती.

दहा दिवसांत तो तारा अर्ध्या चंद्राएवढा प्रकाश देऊ लागला. खरा चंद्र रोज रोडावत गेला तसं रात्रीवर त्या एका बिंदूचं राज्य आलं. नगरपालिकेनं रस्त्यावरचे दिवे बंद ठेवले. चंद्राच्या उजेडातली सावली कडेला पुसट असते, पण हा उजेड एका टोकातून येत होता, त्यामुळं सावल्या सुरीनं कापल्यासारख्या पडत. भिंतीवर माणसाच्या केसाकेसाची सावली दिसायची. पाखरं रात्रभर किलबिलत. म्हातारी माणसं रस्त्यात उभी राहून आपलीच सावली बघत.

आणि चौगुल्यांच्या घरासमोर रांग लागली.

ज्या दिवशी तारा फुटला त्या दिवशी, त्याच नक्षत्रावर, तात्यांनी काढून दिलेल्या अमृतयोगावर जन्मलेली मुलगी! मालूताईंनी ही गोष्ट चार जणींना सांगितली, आणि चार जणींनी चार गावांना. लोक ओसरीवरच्या पाळण्याला हार घालू लागले. तिचं नावही लोकांनीच ठेवलं, आर्द्रादेवी. शेजारच्या तालुक्यातून गाड्या येऊ लागल्या. नारळांचा ढीग लागला. ओसरीवर सकाळपासून धूप जळायचा.

तात्यांचंही नाव झालं होतं. पंचांगाच्या प्रकाशकांचा फोन आला. "तात्या, यंदा ताऱ्याच्या फलावर स्वतंत्र प्रकरण घाला. बाराही राशींचं. लोक वाट बघताहेत."

"या ताऱ्याचं फल काय, ते मला माहीत नाही," तात्या म्हणाले.

"काहीतरी असेलच की."

"माहीत नाही, एवढंच छापाल?"

प्रकाशक हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

अनघा रजा घेऊन आली त्याच दुपारी सायलीनं तात्यांना बोलावणं पाठवलं. बापलेक दोघंही गेले. आतल्या खोलीत सायली बाळाला घेऊन बसली होती. डोळे खोल गेले होते.

"तात्या, चार दिवस झाले, ही खोकतीय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात धूर बंद करा, गर्दी बंद करा. आत्याबाई म्हणतात, देवीला कसला खोकला? पाजायलासुद्धा मला निवांत मिळत नाही. तुम्ही सांगितलेला मुहूर्त खरा असंल, तर मी गप्प बसते. पण मला एकदा सांगा, खरा आहे का?"

तात्यांनी बाळाकडे पाहिलं. मुठी वळून ते झोपलं होतं. खोकल्याची उबळ आली की सगळं अंग हलायचं.

बाहेर आल्यावर ते अनघाला म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोललो. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, बरोबर केलंत."

"आजही म्हणेन. पोर वाचायला हवं होतं." अनघा रांगेकडे बघत होती. "पण ते खोटं आता आपल्या पायांनी चालायला लागलंय, तात्या. मला हे तेव्हा दिसलं नाही."

"खरं सांगितलं, तर हे सगळे उद्यापासून माझ्या दारात यायचे नाहीत."

"नाही यायचे."

तात्यांनी उपरणं सावरलं आणि ते ओसरीच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. उन्हं कलली होती. त्यांना बघून लोक सरसावले, काहींनी वाकून नमस्कार केला.

"मंडळी, ऐका," तात्या म्हणाले. "त्या दिवशी मी सांगितलेला मुहूर्त खोटा होता. पंचांगाप्रमाणं ती वेळ अशुभ होती. बाळाचा जीव धोक्यात होता, ऑपरेशन ताबडतोब व्हावं म्हणून मी तसं बोललो. योग वगैरे काही नव्हता. ही साधी मुलगी आहे."

हातात नारळ घेतलेला एक जण म्हणाला, "तात्या, ह्यो तुमचा मोठेपणा झाला."

"मोठेपणा नव्हे, खोटेपणा."

"तुमी खोटं बोलला न्हाईसा. देवीनंच तुमच्या तोंडनं वदवलं," मागून एक बाई म्हणाली. रांगेतून हुंकार उठले. "बरोबर हाय! तिला त्याच वक्ताला यायचं हुतं!"

"अहो, पण ज्यानं सांगितलं तोच म्हणतोय ना, की चूक आहे!" अनघाला राहवलं नाही.

"तुमी बोलू नका, ताई. तुमी सवता तारा फुटायचा सांगितला. बापाला बी दिसतंय, लेकीला बी दिसतंय. घरातच सिद्धी हाय."

"मला काही दिसलं नव्हतं. मी मोजलं. मी चुकूही शकले असते."

"पर चुकला न्हाईसा न्हवं?"

अनघा शांतपणे म्हणाली, "मी चुकले असते, तर तुम्ही मला खोटं म्हणाला असता. आणि तेच योग्य झालं असतं. आता तुम्ही सांगा, काय झालं तर तुम्ही म्हणाल, की ही देवी नाही?"

नारळवाल्यानं खरोखरच विचार केला. तो प्रामाणिक माणूस होता. "काय बी झालं तरी न्हाई म्हणणार," तो म्हणाला.

तात्या खाली बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांना हीच भाषा शिकवली होती, आणि आज तिच्यात त्यांचा स्वतःचाच शब्द बुडून गेला होता.

मालूताई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. तात्यांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"तात्या," त्या म्हणाल्या. गर्दीला ऐकू जाऊ नये असा आवाज होता. "मग खरा मुहूर्त कवा हुता?"

"माझ्या शास्त्राप्रमाणं मध्यरात्रीनंतर."

"आन् म्या म्हणत हुते तसं तवर थांबलो असतो, तर?"

तात्यांनी मान खाली घातली. उत्तर सायलीनं दिलं. ती बाळाला घेऊन मालूताईंच्या मागंच उभी होती.

"ही राहिली नसती, आत्याबाई. अर्धा तास थांबलो असतो तरी राहिली नसती."

मालूताईंनी सुनेकडे पाहिलं. मग तिच्या हातांतल्या पोरीकडे पाहिलं. सही न करता हातात धरून ठेवलेलं पेन त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी आपला उजवा हात उलटा करून बघितला आणि पदरात झाकला. ओसरीवर कुणीतरी आरती म्हणायला सुरुवात केली, आणि सायलीच्या हातांतल्या बाळाला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

मालूताई तरातरा बाहेर आल्या. धुपाटणं उचलून त्यांनी अंगणातल्या बादलीत टाकलं. फस्सकन आवाज झाला. आरती थांबली. पाळण्यावरचे हार ओरबाडून त्यांनी नारळांच्या ढिगावर फेकले.

"अवो मालूताई, देवीचा कोप हुईल!" कुणीतरी ओरडलं.

"हुंदे. म्या बघून घीन माझ्या दत्ताबरोबर." मालूताईंचा आवाज फाटला होता आणि डोळे वाहत होते. "ही माझी नात हाय. तिला झोप पायजे, दूध पायजे, वारा पायजे. तुमाला तारा बघायचाय न्हवं? त्यो हितं पाळण्यात काय शोधताय?" त्यांनी हात पूर्वेकडे केला. "त्यो तिकडं हाय. वर बघा की!"

आणि सगळ्यांनी माना वळवल्या. कित्येकांनी दहा दिवसांत पाळण्याकडे इतकं पाहिलं होतं, की आकाशाकडे पाहायचं राहून गेलं होतं. पश्चिमेला सूर्य अजून मावळायचा होता, उसावर पिवळं ऊन होतं, आणि समोर पूर्वेला, भर उजेडात, निळ्या आभाळाला भोक पडल्यासारखा तो तारा नुकताच वर आला होता. कुणाचाच नसलेला, कुणासाठीच न आलेला, दिवसाढवळ्या लखलखणारा. नारळवाल्यानं नारळ खाली ठेवला आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरले. रांग मोडली.

मालूताईंनी आत जाऊन दार हलकेच ओढून घेतलं. अंगणात उरलेल्या माणसांत तात्याही होते, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून, तोंड वर करून, बाकीच्यांसारखेच गप्प.